मुंबई सिटीच्या दुहेरी यशाचा हिशेब : नव्या खेळाडूंपैकी संघ खरा कोणी बदलला?

मुंबई, १६ मार्च २०२१ : फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर शनिवारी, १३ मार्च रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अतिरिक्त वेळेकडे झुकत असताना ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई सिटी एफसीने एटीके मोहन बागानचा २-१ असा पराभव केला. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, २८ फेब्रुवारी रोजी, याच प्रतिस्पर्ध्याला नमवून मुंबईने साखळी फेरीतील अव्वल स्थानाची लीग शिल्ड पटकावली होती. एकाच हंगामात शिल्ड आणि करंडक जिंकणारा हा पहिला संघ ठरला आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबकडे त्याआधी यापैकी एकही विजेतेपद नव्हते. गेल्या हंगामात तर हा संघ पाचव्या स्थानावर राहून उपांत्य फेरीच्याही बाहेर फेकला गेला होता.

या दोन हंगामांच्या मधल्या काळात क्लबचा चेहरामोहराच बदलला. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबची ६५ टक्के मालकी घेतली. प्रशिक्षक होर्गे कोस्टा यांच्या जागी एफसी गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले. यंदाच्या चमूतील सातही परदेशी खेळाडू नवे होते. सेनेगलचा बचावपटू मोर्तादा फॉल, मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू, फ्रान्समध्ये जन्मलेला ह्युगो बुमूस, स्पेनचा हर्नान सँटाना, नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे, इंग्लंडचा अॅडम ले फॉन्ड्रे आणि जपानचा साय गोडार्ड अशी ही यादी आहे. फॉल, जाहू, बुमूस आणि डावा बचावपटू मंदार राव देसाई हे चौघे लोबेरा यांच्या जुन्या गोवा संघातून आले.

विजयाच्या जल्लोषात नव्या खेळाडूंचे कौतुक सरसकट होते आहे. मात्र त्यांच्यापैकी संघात सर्वाधिक सुधारणा कोणी घडवून आणली, हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही. पुढील हंगामापासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतील. शिल्ड विजेता म्हणून मुंबईला २०२२ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळाला असून तिथे तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू अशी मर्यादा आहे. मुंबईच्या सात परदेशी खेळाडूंमध्ये आशियाई केवळ गोडार्ड आहे. याचा अर्थ, उरलेल्या सहांपैकी आशियाई स्पर्धेत एका वेळी तिघेच खेळू शकतील. कोणाला ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा, हा निर्णय क्लबला आता घ्यावाच लागणार आहे.

आकड्यांची दिशा

नव्या खेळाडूचे मूल्यमापन बहुधा त्याच्या गोलसंख्येने केले जाते. संघ कुठे सुधारला हे आधी पाहिले आणि खेळाडू नंतर पाहिले, तर वेगळे चित्र समोर येते.

२०१९-२० च्या साखळी फेरीत मुंबईने १८ सामन्यांत २६ गुण मिळवले, २५ गोल केले आणि २९ गोल स्वीकारले. २०२०-२१ मध्ये २० सामन्यांत ४० गुण, ३५ गोल आणि स्वीकारलेले गोल केवळ १८. सामने समान नसल्याने सरासरी पाहणे योग्य ठरते. प्रतिसामना गोल १.३९ वरून १.७५ वर गेले, म्हणजे ०.३६ ची वाढ झाली. स्वीकारलेल्या गोलांचे प्रमाण मात्र १.६१ वरून ०.९० वर आले, म्हणजे ०.७१ ची घट झाली. एकूण सुधारणेचा जवळपास दोन तृतीयांश वाटा गोल वाचवण्यातून आला आहे. मुंबईचा संघ आक्रमक खेळासाठी नावाजला गेला आणि साखळीत सर्वाधिक गोलही त्यानेच केले. तरीही गतवर्षीच्या तुलनेत त्याने मोठी मजल मारली ती स्वतःच्या गोलजाळ्यासमोर.

हा निष्कर्ष पक्का करणारी आणखी एक बाब आहे. दोन्ही हंगामांत गोलरक्षक अमरिंदर सिंगच होता. यंदा तो कर्णधारही होता. गोलरक्षक बदलला असता, तर घटलेल्या गोलांचे श्रेय त्याच्याकडे गेले असते. तसे झाले नसल्याने बदल त्याच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूंमध्ये शोधावा लागतो.

यंदाचा हंगाम करोनामुळे पूर्णपणे गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. घरच्या मैदानाचा लाभ कोणालाच नव्हता. शिवाय ईस्ट बंगालच्या प्रवेशाने संघांची संख्या दहावरून अकरा झाली. दोन हंगामांची तुलना त्यामुळे तंतोतंत होऊ शकत नाही, परंतु फरक इतका मोठा आहे की केवळ परिस्थितीने त्याचे स्पष्टीकरण होत नाही.

आघाडीपटूंचे गोल

सर्वाधिक प्रसिद्धी ले फॉन्ड्रे आणि ओग्बेचे यांच्या वाट्याला आली. सिडनी एफसीकडून लोनवर आलेल्या ले फॉन्ड्रेने ११ गोल केले. केरळ ब्लास्टर्ससाठी आदल्या हंगामात १५ गोल करून आलेल्या ओग्बेचेच्या नावावर आठ गोल जमा झाले. बाद फेरी धरून मुंबईने केलेल्या ३९ गोलांपैकी १९, म्हणजे जवळपास निम्मे, या दोघांचे आहेत.

हे गोल मोक्याच्या वेळी आले, हेही खरे. एटीके मोहन बागानविरुद्ध ११ जानेवारीच्या सामन्यातील एकमेव गोल ओग्बेचेचा होता आणि २८ फेब्रुवारीच्या निर्णायक सामन्यातील दुसरा गोलही त्याचाच. साखळीअखेर दोन्ही संघांचे ४० गुण झाले आणि परस्पर सामन्यांतील निकालांच्या आधारे शिल्ड मुंबईकडे गेली. त्या दोन विजयांचे मोल त्यामुळे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तरीही प्रश्न उरतो. हे गोल दुसऱ्या एखाद्या चांगल्या आघाडीपटूने केले नसते का? याचे उत्तर एफसी गोव्याच्या हंगामात सापडते. गोव्याने फेरान कोरोमिनासला गमावले. त्याने २०१९-२० मध्ये १४ गोल केले होते. त्याच्या जागी आलेल्या इगोर अँगुलोनेही यंदा नेमके १४ गोल केले आणि गोल्डन बूट जिंकला. आघाडीपटूची जागा पूर्ण भरून निघाली. असे असूनही साखळीतील गोव्याचे गोल १८ सामन्यांतील ४६ वरून २० सामन्यांत ३१ वर घसरले. चेंडू गोलजाळ्यात धाडणारा मिळतो, पण त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारी यंत्रणा सहजासहजी मिळत नाही.

बुमूस : अनुपस्थितीची साक्ष

ही यंत्रणा चालवणाऱ्यांपैकी एक होता ह्युगो बुमूस. गोव्यासाठी २०१९-२० मध्ये त्याने ११ गोल केले, १० गोलांना साहाय्य केले आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला. माध्यमांतील वृत्तांनुसार त्याला करारमुक्त करून घेण्यासाठी मुंबईने सुमारे १ कोटी ६० लाख रुपये मोजले. मुंबईसाठी त्याने तीन गोल केले आणि सात गोलांना साहाय्य केले.

केवळ या संख्यांवर त्याची किंमत ठरवली, तर तो गतवर्षीपेक्षा फिका पडला असे वाटेल. परंतु त्याच्या बाबतीत आणखी एक कसोटी उपलब्ध आहे. ८ फेब्रुवारीला गोव्याविरुद्ध ३-३ अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यानंतर शिस्तभंगाच्या कारवाईमुळे साखळीतील अखेरचे चार सामने त्याला मुकावे लागले. त्यांपैकी बंगळूरुविरुद्ध २-४ आणि जमशेदपूरविरुद्ध ०-२ असे सलग पराभव मुंबईच्या पदरी पडले. पहिल्या १६ सामन्यांत ११ गोल स्वीकारणाऱ्या संघाने अखेरच्या चार सामन्यांत सात गोल स्वीकारले. आक्रमक खेळाडू बाहेर गेल्यावर बचाव ढिला पडावा, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण चेंडू पुढे नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत टिकवून ठेवणारा खेळाडू नसला, की चेंडू लवकर परत येतो आणि बचावफळीवरचा भार वाढतो.

याच पुराव्याची दुसरी बाजूही आहे. बुमूस नसतानाच मुंबईने ओडिशाचा ६-१ असा धुव्वा उडवला आणि शिल्डचा निर्णय करणारा सामना २-० असा जिंकला. चार सामन्यांवरून ठाम निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. एवढे मात्र म्हणता येईल की बुमूसमुळे संघ अधिक चांगला झाला, पण त्याच्यावाचून अडून राहिला नाही. उपांत्य फेरीत परतताच त्याने गोव्याविरुद्ध गोल केला, हे त्याच्या खात्यात जमा धरले पाहिजे.

फॉल : दिसणारी सुधारणा

बचावातील सुधारणेचे श्रेय देताना पहिले नाव येते ते मोर्तादा फॉलचे. उंच, हवेतील चेंडूंवर हुकमत असलेला हा मध्यवर्ती बचावपटू प्रतिस्पर्ध्यांचे क्रॉस निष्प्रभ करतो आणि दुसऱ्या टोकाला फ्री किक व कॉर्नरवर गोलही करतो. यंदा त्याने चार गोल केले. २८ फेब्रुवारीला सातव्याच मिनिटाला हेडरने केलेला गोल आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याविरुद्ध २-२ अशी बरोबरी साधून देणारा गोल हे त्यांतील सर्वांत मोलाचे. उपांत्य फेरीचा निकाल पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ असा लागला. म्हणजे फॉलचा तो गोल नसता, तर मुंबई अंतिम फेरीत पोहोचलीच नसती.

त्याच्या बाजूने बोलणारा आणखी एक मुद्दा म्हणजे त्याचा साथीदार. मूळचा मध्यरक्षक असलेल्या हर्नान सँटानाला लोबेरा यांनी फॉलच्या शेजारी बचावात खेळवले. चेंडू खेळवण्यात वाकबगार, पण मूळचा बचावपटू नसलेला खेळाडू त्या जागी उभा करण्याचे धाडस प्रशिक्षक तेव्हाच करतो, जेव्हा शेजारी भरवशाचा माणूस असतो.

मात्र खेळाडू जिथून गेला तिथे काय झाले, हेही पाहणे न्याय्य ठरते. फॉल गेल्यावर गोव्याचा बचाव कोसळायला हवा होता. तसे घडले नाही. २०१९-२० मध्ये १८ सामन्यांत २३ गोल स्वीकारणाऱ्या गोव्याने यंदा २० सामन्यांतही २३ गोलच स्वीकारले, म्हणजे सरासरी किंचित सुधारलीच. नवे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी बचावफळी नव्याने उभी केली आणि ती टिकली. यावरून फॉलचे महत्त्व कमी ठरत नाही, पण मुंबईचे घटलेले गोल एकट्या त्याच्या नावावर लिहिता येत नाहीत, हे स्पष्ट होते.

बचावपटूने संघाचा चेहरा बदलल्याची उदाहरणे जागतिक फुटबॉलमध्ये आहेत. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइकला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसनला घेतले. प्रीमियर लीगमध्ये २०१७-१८ च्या हंगामात ३८ गोल स्वीकारणाऱ्या त्या संघाने २०१८-१९ मध्ये केवळ २२ स्वीकारले आणि युरोपचे विजेतेपद मिळवले. तिथेही श्रेय दोघांत कसे वाटायचे, हा वाद मिटलेला नाही. एकाच वेळी अनेक जण नवे आले, की प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अवघड होते. मुंबईच्या बाबतीत तर नवे सात परदेशी खेळाडू आहेत.

जाहू : मधला दुवा

अहमद जाहूच्या नावापुढे लक्षवेधी गोलसंख्या नाही. त्याच्या हंगामाची सुरुवात तर नामुष्कीने झाली. २१ नोव्हेंबरच्या पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध पहिल्या सत्रातच त्याला लाल कार्ड मिळाले, दहा खेळाडूंनिशी खेळणारी मुंबई ०-१ अशी हरली आणि पुढच्या सामन्यात तो निलंबित राहिला. त्या सामन्यात गोव्याविरुद्ध मुंबईने भरपाई वेळेतील ले फॉन्ड्रेच्या पेनल्टीवर १-० असा निसटता विजय मिळवला. गोव्याचा संघही तेव्हा दहा जणांचा झाला होता.

पहिल्या पराभवानंतर मुंबई सलग १२ सामने अपराजित राहिली. या वाटचालीचा कणा जाहू होता. बचावफळीच्या पुढे उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्याची चाल मधल्या पट्ट्यातच तोडायची, चेंडू ताब्यात घेऊन खेळाचा वेग ठरवायचा आणि संधी दिसताच लांब पल्ल्याचा अचूक पास धाडायचा, ही चारही कामे तो एकटा करतो. सँटानाला बचावात खेळवणे, बाजूच्या बचावपटूंना पुढे सरकू देणे आणि बुमूसला मागे येण्याच्या जबाबदारीतून मोकळे ठेवणे हे सारे शक्य झाले, ते त्या जागी जाहू असल्यामुळे. फॉलच्या २८ फेब्रुवारीच्या हेडरमागील फ्री किकही जाहूचीच होती.

अंतिम सामना तर त्याच्या खेळाचे सारच ठरला. एटीके मोहन बागानचा पहिला गोल जाहूच्या चुकीतून झाला. त्याच्याकडून चेंडू हिसकावला गेला आणि डेव्हिड विल्यम्सने १८व्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर अकरा मिनिटांनी जाहूनेच बिपिन सिंगसाठी मागून लांब चेंडू धाडला आणि तो परतवण्याच्या प्रयत्नात तिरीकडून स्वयंगोल झाला. ज्या खेळाडूच्या पायातून संघाचे जवळपास प्रत्येक आक्रमण सुरू होते, त्याच्या चुकाही तितक्याच महाग पडतात.

संघ बदलणारा खेळाडू ओळखण्याची खरी कसोटी इथेच लागते. त्याने स्वतः काय केले, याबरोबरच त्याच्यामुळे इतरांना काय करता आले, हे विचारावे लागते. ले फॉन्ड्रेच्या जागी ओग्बेचे येऊ शकला, बुमूसविना शिल्ड जिंकता आली आणि गोव्याला फॉलविना बचाव सांभाळता आला. जाहूची कामे वाटून घ्यायची झाली, तर मुंबईला किमान दोन खेळाडू लागले असते. बचावातील सुधारणा आणि आक्रमणाची सुरुवात या दोन्ही टोकांना ज्याचा हात लागतो, असा नव्यांपैकी तो एकमेव आहे.

भारतीय खेळाडूंचा वाटा

परदेशी खेळाडूंची संख्या घटणार असल्याने भारतीयांचे मोल वाढणार आहे. नव्या भारतीयांमध्ये मंदार राव देसाईचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मूळचा विंगर असलेल्या या गोव्याच्या खेळाडूला लोबेरा यांनी गोवा संघात असतानाच डावा बचावपटू म्हणून घडवले होते. मुंबईत आल्यावर त्याला प्रशिक्षकांची पद्धत नव्याने शिकावी लागली नाही.

हंगामातील सर्वांत मोठी झेप मात्र नव्या खेळाडूची नाही. बिपिन सिंग २०१८ पासून मुंबईकडे आहे. ओडिशाविरुद्ध हॅटट्रिक आणि अंतिम सामन्यातील विजयी गोल ही कामगिरी त्याने तिसऱ्या हंगामात केली. मध्यातून मिळणारे लांब पास आणि मागून आधार देणारा बचावपटू लाभल्यावर तोच खेळाडू वेगळा दिसू लागला. रॉलिन बोर्जेस आणि रेनियर फर्नांडिस यांचेही तसेच. हे दोघे आधीपासून संघात होते, पण जाहूच्या साथीने त्यांना मोकळेपणाने पुढे जाता आले. चांगली भरती ती, जिच्यामुळे जुन्यांची किंमत वाढते.

प्रशिक्षकाचा हिस्सा

या साऱ्या हिशेबात एक मोठी अडचण आहे. चार खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक एकाच क्लबमधून एकत्र आले. त्यामुळे कोणाचा वाटा किती, हे पूर्णपणे वेगळे करता येत नाही. हंगामपूर्व सरावासाठी अल्प वेळ मिळालेल्या या वर्षात ही जुनी ओळख मुंबईच्या पथ्यावर पडली. इतर क्लब आपले खेळाडू एकमेकांना समजून घेत असताना मुंबईचा मधला कणा एकत्र खेळण्याचा सराव घेऊनच आला होता. हेच खेळाडू वेगळ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आले असते, तर निकाल हाच लागला असता असे कोणी म्हणू शकणार नाही.

म्हणूनच पुढच्या हंगामाची आखणी करताना क्लबने गोलांच्या यादीवर विसंबून राहणे हिताचे ठरणार नाही. उपलब्ध पुरावा एका क्रमाकडे बोट दाखवतो. सर्वाधिक सुधारणा जाहूने घडवली. त्याच्या पाठोपाठ फॉल आणि बुमूस येतात. एकाने गोल रोखले, तर दुसऱ्याने गोल घडवले. ले फॉन्ड्रे आणि ओग्बेचे यांनी या तिघांच्या कामावर कळस चढवला. कळसाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही, पण आघाडीपटू बाजारात पुन्हा शोधता येतो, हे गोव्याने याच हंगामात दाखवून दिले आहे.

आशियाई पातळीची कसोटी अजून बाकी आहे. गतवर्षीचा साखळी विजेता एफसी गोवा येत्या एप्रिलमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरेल. मुंबईची पाळी त्यानंतरच्या वर्षी येईल. तिथे चेंडूचा ताबा बहुतांश वेळ प्रतिस्पर्ध्याकडे असेल आणि गोलच्या संधी मोजक्याच मिळतील. अशा सामन्यांत मुंबई किती काळ तग धरते, हे बचावफळी आणि तिच्यापुढे उभा राहणारा मध्यरक्षक यांच्यावरच प्रामुख्याने अवलंबून राहील.